इटलीची बाटली

नाशिकरोडहून येताना टांग्यात एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, गृहस्थ भेटले. मुलीच्या लग्नातल्या आशीर्वादासाठी इटलीहून मागवलेली वाइनची बाटली त्यांनी मांडीवर धरली होती.

“सांजोव्हेझे नावाची द्राक्षं. चव कशी, ते लग्नातच कळेल,” ते म्हणाले.

उन्हाने बूच सैल झालं होतं. टांगा खड्ड्यात आदळला आणि ते उडालं. मी चटकन बाटली पकडून तोंडावर अंगठा दाबला. थेंबही सांडला नाही.

“भाऊ, उघड्या बाटलीला दुसऱ्या धर्माचा हात लागला, की आम्हाला ती चालत नाही. आता तुम्हीच प्या.”

“आणि लग्न?”

“आशीर्वादाला काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत करू. नेहमी तेच करतो. पण चव कळवा हं.”

बाटली भेट मिळाली, असं मी जन्मभर सांगितलं. वाइन आंबट होती. कळवणार कुठे? पत्ता मी विचारलाच नव्हता.