रतनमावशींची परत आलेली गुळवेल

डब्याच्या पोळ्या चालल्या होत्या, दूध वर येत होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं माणूस आमच्याकडे एकच, रतनमावशी. आंदर मावळातून पहिल्या एसटीनं कामशेत, तिथून लोणावळा. अकरा वर्षं त्या आम्हाला गुळवेल आणून देतात. सासूबाईंचा सकाळचा काढा त्यांच्याच वेलीचा.

आज हातात पिशवी नव्हती, कागद होता.

"ताई, वाचून दावा. हिराचं नाव हाय का त्यात बघा."

हिरा म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. गुळवेल ओळखायला तिला मावशींनीच शिकवली, आणि तेच त्यांना आता सलतं. हिराची पडवी मोठी, हिराला माणसं विचारतात. गावातल्या बायकांच्या गटाकडून वेल औषधाच्या कारखान्यात जाते. यंदा हिराची पास झाली, मावशींची परत आली. आपल्या गोणीत हिरानंच काही कालवलं, ही त्यांची खात्री.

कारखान्याच्या त्या कागदात हिराचं नाव नव्हतं. वेलीत शिसं आणि डांबराच्या तेलाचा अंश सापडलाय, पुढची खेपही अशीच निघाली तर रतनबाईंचा माल कायमचा बंद, एवढंच होतं.

वाळवली कुठं, असं मी विचारलं. मग हळूहळू निघालं. हिरा पडवीत, सावलीत, चटईवर वाळवते. तिला आठ दिवस लागतात. तिच्याआधी माल पोचवायचा म्हणून मावशींनी नव्या डांबरी रस्त्यावर पसरली. दोन दिवसांत कडकडीत. भात नाही का वाळवत लोक रस्त्यावर? खडीचे डंपर जातात, पण डंपर आला की त्या बाजूला सरकायच्या. वेल तिथंच.

"आमची कुठली?" मी विचारलं.

"ती बी तिथलीच."

मी फळीवरची बरणी काढून ओट्यावर ठेवली. सासूबाई तासाभरापूर्वीच काढा प्यायल्या होत्या. मला रागही आला आणि भीतीही वाटली. मावशींनी बरणीकडं पाहिलं.

"टाकून द्या, ताई." आणि मग, "म्हंजे हिरानं काय केलं न्हाई?"

त्या आवाजात सुटका कमी आणि निराशा जास्त होती.

मी म्हटलं, मग हिराच्या पडवीत वाळवा, घरचीच आहे ती, नाही थोडीच म्हणेल.

"तीच म्हनली परवा. अक्का, माझ्या पडवीत टाका, म्हनली. हसत म्हनली. त्या हसन्याखाली मी वेल वाळवू व्हय?"

चहा त्यांनी बशीत ओतून गार होऊ दिला. मग कागदाची घडी चोळीत खोचली, उठल्या आणि म्हणाल्या,

"तुमच्या गच्चीवर पत्र्याखाली आठ दिस जागा द्या. झाडलोट मी करीन."