दिवा किती वाढवला?

बडोद्यात माझ्या मराठीचा मला भारी माज होता. गणेशोत्सवातल्या नाटकांत राजाचं काम मलाच मिळायचं, लांबलचक वाक्यं न अडखळता म्हणतो म्हणून. मिशी भर दरबारात गळून पडली, ती गोष्ट वेगळी. कचेरीत मात्र गुजरात झाल्यापासून सगळं गुजरातीत, त्यामुळे हा माज मिरवायला जागा नव्हती. म्हणून साहेबांनी एकदा ‘मराठी कोने आवडे छे?’, म्हणजे मराठी कुणाला येतं, असं विचारलं, तेव्हा माझा हात शाळेतल्या पोरासारखा वर गेला.

काम दुभाष्याचं होतं. गावाबाहेरच्या एका कापसाच्या गोदामाला मोठी आग लागली होती. आत झोपलेला एक हमाल गेला, आणि त्याला काढायला शिरलेला रखवालदारही गेला. आग कशाने लागली हे ठरवायला सरकारने आमच्या साहेबांनाच नेमलं होतं. त्यांचे अधिकार मोठे. कुणालाही बोलावून घेता यायचं, शपथेवर विचारता यायचं, गोदामाच्या मालकालासुद्धा बाकावर ताटकळत ठेवता यायचं. मालकाचे वकील म्हणत होते की वायरिंगला काही झालेलं नव्हतं. गोदामाला चिकटून रखवालदाराची खोली, तिथे देवापुढे दिवा असायचा, घात त्यानेच केला.

जबानी होती रखवालदाराच्या बायकोची. साताऱ्याकडची बाई, गुजराती कामापुरती. व्हरांड्यातच तिने मला गाठलं.

“दादा, भरपाईचं ऱ्हाऊ द्या. यांनी आग लावली न्हाई, एवढं सरकारच्या तोंडून आलं पायजे. हमालाची म्हातारी माझ्याच चाळीत, भिंतीला भिंत. तुझ्या देवानं माझा पोरगा खाल्ला म्हणती. मला तिथंच ऱ्हायचंय.”

“काळजी करू नका,” मी म्हणालो. “मी आहे ना.”

आत गेल्यावर तिने सांगितलं, “त्या राती मी डबा घिऊन गेलते. ते जेवले. मी निघाले तवा माझ्यासमोर त्यांनी दिवा वाढवला.”

मी रुबाबात गुजरातीत सांगितलं की नवऱ्याने वात वर सारून ज्योत मोठी केली. वात माझ्या पदरची. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नसतं, पण राजाला कोण सांगणार?

साहेबांनी लेखणी थांबवली. “किती वाढवला, विचारा.”

बाई गोंधळली. “किती म्हंजी? पुरता वाढवला.”

“रोज असंच करायचा?”

“रोज. वाढवल्याबिगर पाठ टेकायचे न्हाईत.”

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना आणखी काही लिहायची गरज उरली नव्हती. जबानी वाचून दाखवायचा नियम असतो, तोही मी पाळला. “नवऱ्याने दिवा पुरता वाढवला, रोज वाढवायचा. बरोबर?” बाई म्हणाली, “बरोबर,” आणि तिने अंगठा उठवला.

संध्याकाळी रावपुऱ्यात उदबत्ती घ्यायला गेलो. पूजेच्या सामानाचं दुकान, मालक मराठी म्हातारे. फळ्या लावत म्हणाले, “लवकर बोल, दुकान वाढवतोय.”

यावर माझा एक ठरलेला विनोद होता, तो मी केला. “अजून किती वाढवता काका, रस्त्यावर तर आलात!”

ते नेहमीसारखेच हसले नाहीत. त्या दिवशी मीही हसलो नाही.

“काका, दिवा वाढवणं म्हणजे हो?”

“मालवणं. विझवला म्हणू नये दिव्याला, म्हणून वाढवला म्हणायचं. तुमच्या घरी काय म्हणतात?”

“आमच्याकडे बटण आहे.”

“मग बटणं दाब,” काका म्हणाले. “मराठीच्या वाटेला जाऊ नकोस.”

सकाळी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि झालेला घोटाळा सांगितला. त्यांनी कालची जबानी काढून पुन्हा वाचली. मग म्हणाले, “एटले दीवो राणो कर्यो, एम?”

गुजरातीतही दिवा विझवत नाहीत, राणो करतात. हे तर मला लहानपणापासून माहीत होतं. दोन्ही भाषांनी दिव्याला एवढं जपलेलं, आणि मधे मी.

साहेबांनी अधिकार वापरून बाईला पुन्हा बोलावलं. तिने मलाच विचारलं, “मंग तुमी काय सांगितलंत?”

“दिवा मोठा केला म्हणून.”

“आवं, झोपताना कुणी दिवा मोठा करतंय का?”

इतकी साधी गोष्ट त्या खोलीतल्या एकालाही सुचली नव्हती. साहेबांनी नवा अर्थ लिहून घेतला. वकील उठले. “आधी एक अर्थ, आता दुसरा. पुढे तिसरा निघेल. कोणता धरायचा, साहेब?” तेही लिहिलं गेलं.

अहवाल आला तेव्हा बाई कचेरीत आली. जबानीच्या अर्थाबाबत एकवाक्यता नाही, दिव्यामुळे आग लागल्याची शक्यता नाकारता येत नाही, कारण निश्चित करता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ते दोनदा मनात वाचलं. माझा घोटाळा नसता तर मधलं वाक्य तिथे आलं असतं का, कोण जाणे.

“काय म्हणतंय सरकार?”

“तुमच्या यजमानांनी आग लावली नाही म्हणतंय.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “पयल्या येळेसारखं न्हाई ना हे?”

“नाही.”

“मंग चाळीत येऊन तेवढं सांगा. माझं कोण ऐकतंय?”

गेलो. हमालाची आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मी गुजरातीत सांगितलं, सरकारने चौकशी केली, आग रखवालदाराने लावली नाही. एवढं छोटं वाक्य, त्यात मी दोनदा अडखळलो.

म्हातारीचा हात थांबला. तिने सूप बाजूला सरकवलं आणि उंबऱ्यावर थोडी जागा केली. बाई जाऊन तिच्याजवळ टेकली. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. मी निघायला वळलो, तेवढ्यात म्हातारीने विचारलं,

“तो पछी कोणे लगाडी, भाई?”

‘मग लावली कुणी?’ हे बाईला मराठीत सांगावं लागलं नाही. उत्तरासाठी दोघीही माझ्याकडे बघत राहिल्या.