परसोंची मिरची

"साचलंय कुणापुढं?" गोदामात पाय ठेवताच काका हेच विचारायचे. हात मागे बांधलेले, नजर माणसांवर नाही, टेबलांवर.

हैदराबादच्या गौलीगुड्यात आमचं मसाल्याची पाकिटं भरायचं काम. मी कोल्हापूरकडची, आठवीत शाळा सुटलेली. ते इथल्याच जुन्या मराठी घरातले, गोदामाचे सुपरवायझर. मी बत्तीस वर्षांची, तरी इथल्या रीतीनं मला अम्मा म्हणत. पहिल्याच आठवड्यात ढीग माझ्यापुढं साचला. बायका हसल्या, "कोल्हापूरची गाडी बंद पडली!" आता काढून टाकणार, असं वाटलं. ते वाकून बघत राहिले.

"अम्मा, तू डावखुरी ना? मग चिकटपट्टी उजवीकडं कशाला?"

पट्टी डावीकडं आली, ढीग ओसरला. "सगळ्यात हळू हात चालतो तेवढंच गोदाम चालतं," ते म्हणाले. "त्याला शिव्या देऊन काय होतंय? त्याची अडचण काढायची."

असं एकेक शिकवलं. आधी भरलेलं आधी पाठवायचं. तीन थप्प्या उरल्या की नवा माल मागवायचा, संपायची वाट बघायची नाही. तुम्ही म्हणाल, यात शिकायचं काय? मला तर शाळेतही कुणी एवढं शेजारी बसून शिकवलं नव्हतं. वर्षभरात माल रवाना करायचं काम माझ्याकडं आलं, आणि त्याबरोबर गोदामावरची राहायची खोली.

एकदा हिमायतनगरच्या दुकानातून त्यांचा फोन आला. "परसों भरलेल्या मिरचीत ओल निघाली. त्या पेट्या नक्को पाठवू. बाकीच्या जाऊ दे."

मी परवा भरलेल्या पेट्या बाजूला काढल्या आणि त्याआधीच्या, नियमाप्रमाणे, पाठवून दिल्या. तुम्ही हैदराबादचे असाल तर आताच कपाळाला हात लावला असेल. इथं परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. ते पंधरा दिवसांपूर्वीच्या पेट्यांबद्दल बोलत होते. मी तारीख विचारायला हवी होती. अडाणी दिसेन म्हणून विचारली नाही.

बुरशी धरलेली पाकिटं दुकानांतून परत आली. सेठनं आम्हा दोघांना उभं केलं. "किसने भेजा?"

माझ्या डोळ्यांपुढं वरची खोली आली.

"माझंच चुकलं, सेठ," ते म्हणाले. "मी तारीख सांगितली नाही."

"उमर हो गई तुम्हारी. घर बैठो अब."

मी गप्प राहिले. त्यांची जागा मला मिळाली, कारण ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मला येत होतं, ते त्यांनीच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी ते चाव्या द्यायला आले. सणाच्या आधी कुठला मसाला किती भरून ठेवायचा, हे तासभर समजावत बसले. फोनचा विषय काढला नाही.

"काका," मी म्हणाले.

ते थांबले.

"मागच्या दाराची चावी कुठली?" विचारलं ते मी एवढंच.

त्यांनी जुडग्यातून एक वेगळी धरली. "ही, अम्मा. दार थोडं उचलून फिरव."