अर्धं बाकडं

बाबी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तोंडाला रंग लावत होतो. हातातला आरसा खाली ठेवला आणि पहिलं काय आठवलं असेल, तर त्याने माझ्या मानेवर धरलेली तलवार!

आमची दशावतारी कंपनी. गोष्ट आधी ठरते, बोलणं मात्र ज्याचं त्याने प्रयोगात उभ्या उभ्या जुळवायचं. सामान म्हणजे एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन. मालक थकले होते. कंपनी बाबीला द्यायची की मला, हे त्यांचं ठरत नव्हतं, आणि त्यापायी आम्ही दोघं बोलेनासे झालो होतो. एका ताटात जेवलेली माणसं, पण प्रयोगाला वेगवेगळ्या एसटीने जायचो!

अशात कणकवलीच्या एका कॉलेजने भरदुपारी प्रयोग मागितला. पुराणातला नको, म्हणे इतिहासातला हवा. मालकांनी गोष्ट सांगितली: दिल्लीची बादशाही खिळखिळी झालीय, एक बडा उमराव मेलाय आणि त्याचे दोन मुलगे गादीसाठी भांडतायत. थोरला बाबी, धाकटा मी. थोरल्याने धाकट्याला मारून गादीवर बसायचं. "आज बघतंय, कंपनी कोण चालवतलो ता," म्हणत मालक पहिल्या रांगेत बसले.

काय रंगला तो प्रयोग! तलवारी लाकडी, पण आमचा राग अस्सल. शेवटी मी आडवा, मानेवर बाबीची तलवार, आणि सगळं कॉलेज ओरडतंय, "मार! मार!" बाबी थांबला… माझ्याकडे बघत राहिला. मग तलवार टाकून बाकड्यावर जाऊन बसला, तोही एका टोकाला. "खुद्द बादशहाला दिल्लीत कोणी विचारत नाही," तो गरजला, "आणि त्याच्या सनदेसाठी मी भाऊ मारू? ऊठ! ही गादी दोघांना पुरेल!" ठरलेल्या गोष्टीत हे नव्हतंच! मी मरायच्या तयारीत आडवाच. तेव्हा ओठ न हलवता तो म्हणाला, "बस रे मेल्या, लोक बघतत!" मी बसलो. शिट्ट्यांनी मांडव दणाणला. मालकांनी डोळे पुसले आणि कंपनी दोघांच्या हवाली केली.

ती आम्ही भांडत, हसत चालवली. पुढे कुठलंही नाटक असो, राजा झालेला बाबी बाकड्याच्या टोकालाच बसायचा. मलाही तीच खोड लागली.

परवा कुणकेश्वरला प्रयोग होता, बाबी गेल्यानंतरचा पहिलाच. राजा मी. नवा प्रधान कानाशी कुजबुजला, "धनी, मधी बसा."

मी म्हटलं, "मगे बाबी खंय बसतलो?"