देवराईचं पान

रविवारी शिवाजी पेठेतल्या तालमीच्या माडीवर मी फुकट कायद्याचा सल्ला द्यायचो, तिथं एक म्हातारा यायचा. त्याच्या गावची देवराई ठेकेदाराला तोडायला दिली होती. ती वाचवायला आम्ही दावा लावला होता.

"बाबा, झाडं कुठल्या जातीची ते कोर्टाला दाखवायला हवं. चार पानं तरी आणा," असं मी प्रत्येक वेळी सांगायचो.

तो रिकाम्या हातांनीच यायचा. "देवाच्या राईतलं वाळकं पान बी भाईर न्हेत न्हाय आमी."

तारखा पडत गेल्या. मी चिडायचंही सोडलं.

एका रविवारी त्यानं टेबलावर हिरवीगार डहाळी ठेवली. "घ्या वकीलसायेब. आता चालतंय. काल समदी तोडली."

मग डहाळीचं खाली पडलेलं एक पान त्यानं उचललं आणि परत न्यायला मुंडाशात खोचलं.