कविताचा हात आणि आमचा दिवा

"पहिलं मला लावा. मंग लेकराला," बाबुसिंग म्हणाले आणि स्वतःच टेबलावर आडवे झाले.

हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी तेव्हा ईईजी टेक्निशियन होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ईईजी म्हणजे मेंदूत चालणाऱ्या बारीक विजेची नोंद. डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवायच्या आणि मशीनला जोडायच्या. मशीनवर शाईच्या पेनांची रांग, खाली सरकता कागद. मशीन डोक्यात काही सोडत नाही, डोक्यातलं फक्त उतरवून घेतं. हे मी बाबुसिंगांना सांगून पाहिलं होतं. त्यांना पटलं नव्हतं. तांड्यावरच्या कुणाला तरी कुठल्याशा दवाखान्यात शॉक दिले होते आणि तो माणूस पुढे बरेच दिवस धड बोलला नव्हता.

मी त्यांना वायरी लावल्या. पेनं हलू लागली.

"यात माह्या मनातलं दिसते का?"

"नाही दादा. डोळे मिचकावले तर तेवढं कळतं."

त्यांनी मुद्दाम डोळे मिचकावले. पेनं उडाली.

"म्हंजे कळते की," ते म्हणाले आणि उठून बसले. संशय कमी व्हायचा तो वाढलाच.

मग कविताला झोपवलं. त्यांची मुलगी, बारा-तेरा वर्षांची. सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर राहायची. शाळेच्या मैदानात सूर्याकडे तोंड करून उभी राहायची, तोंडासमोर पंजा हलवायची आणि मग सुन्न व्हायची. दोनदा पडलीही होती. तांड्यात लोक म्हणत, कुणीतरी करणी केली. मास्तर म्हणत, अभ्यास टाळायचं नाटक. "म्या दोन-चार येळा हाणली बी," बाबुसिंगांनी आपणहून सांगितलं.

रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. दर आठवड्याला नांदेडहून येणाऱ्या डॉक्टरांनी कागद चाळला. "नॉर्मल आहे. मास्तर म्हणतात तेच खरं दिसतंय."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पोरगी नजरेला नजर देत नव्हती. विचारलं तर उत्तर नाही.

मी वायरी काढल्या. रिपोर्ट लिहून होईपर्यंत बाबुसिंग डॉक्टर सरांसमोर बसले आणि ती बाहेर पडवीत जाऊन थांबली. ऊन कललं होतं. मी दारातून सहज पाहिलं. ती उन्हाकडे तोंड करून उभी होती. तिचा हात वर गेला, बोटं फाकली, पंजा डोळ्यांसमोर भराभर हलू लागला. पापण्या फडफडल्या. थोड्या वेळानं हात खाली आला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी तिला दिसत नव्हते. नाटक असेल, तर ते कुणासाठी?

मी आत गेले. "सर, दिवा लावून बघू या."

डोळ्यांसमोर वेगवेगळ्या वेगानं लुकलुकणारा एक दिवा ईईजीसोबत असतो. काही मेंदूंमध्ये त्या लुकलुकण्यानं मिरगीच्या लाटा उठतात. खरं तर तो प्रत्येक तपासणीत लावायचा. पण पूर्वी एका पेशंटच्या नातेवाइकानं त्यावरून गोंधळ घातला होता, आणि दवाखान्याच्या मालकांनी दिवा कपाटात ठेवून दिला होता.

"मालकांना कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा, सर."

सरांनी सांगितलं. दिवा निघाला. मोठा झटका आलाच तर म्हणून सरांनी इंजेक्शन भरून जवळ ठेवलं आणि मी पुन्हा वायरी लावल्या.

हळू वेगाला काही झालं नाही. वेग वाढवला आणि एकदम सगळी पेनं एकत्र उसळली. कागदावर उंच, टोकदार लाटा. कविताच्या पापण्या थरथरू लागल्या. मी लगेच दिवा बंद केला. जरा वेळानं पेनं खाली बसली.

बाबुसिंग पुढे आले आणि तिच्या डोक्यावरच्या वायरी उपटू लागले. "चांगल्या लेकराला तुमच्या दिव्यानं झटका आणला. बीमारी तुमीच घालून राहिले."

"हो, दिव्यानंच आणला," सर म्हणाले. "उन्हात तिचा हात तेच काम करतो. बोटांच्या फटीतून ऊन असंच लुकलुकतं."

"मंग मला लावा दिवा."

पुन्हा ते टेबलावर. सगळे वेग लावले. कागद शांत.

"मला काहून न्हाई झालं?"

"तुमच्या मेंदूला हा दिवा सोसतो," सर म्हणाले. " तिच्या मेंदूला सोसत नाही."

ते सरांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "दिवा त्योच व्हता का?"

"तुमच्यासमोरच होता, दादा."

मी कविताच्या केसातली पेस्ट पुसत होते. हळूच विचारलं, "हात का हलवतेस गं?"

ती पहिल्यांदा बोलली. "मी न्हाई हालवत. ऊन डोळ्यावर आलं की आपोआप वर जाते. मंग थांबतच न्हाई."

"मग घरी सांगायचं नाही का?"

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली आणि वडिलांकडे पाहिलं.

बाबुसिंग खाली बघत होते. मग त्यांनी सरांना विचारलं, "गोळ्या किती दिवस द्याव्या लागतील?"

सरांनी गोळ्या लिहून दिल्या. उन्हात टोपी, वर्गात खिडकीपासून लांबची जागा. पडणं थांबलं. हात मात्र बरेच महिने वर जायचा, नंतर क्वचित. गोळ्या नेताना बाबुसिंग दर वेळी पाकीट उलटंसुलटं करून पाहायचे. सरांनी पुन्हा ईईजी करू म्हटलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. "लेकरू बरं हाय. तुमचा दिवा राहू द्या."

तेव्हापासून वायरी लावण्याआधी मी पेशंटला एकटं गाठून विचारते, हे कुणाला सांगितलं होतंस का. बहुतेक जण म्हणतात, सांगितलं होतं.