दुबई-मुंबईएवढा दोरा

शिवणाचा डबा उघडला की लाल दोऱ्याचं ते रीळ हाताला लागतं आणि मला अजमानमधली ती दुपार आठवते. लेक तेव्हा जर्मनीत शिकत होती आणि पहिल्यांदाच एकटी, फ्रँकफर्टहून लिस्बनला विमानाने निघाली होती. किती लांब असेल हो ते? आम्हा आखातातल्या बायकांना एकच विमानप्रवास पाठ: दुबई ते मुंबई, तीन तास. मग मी तिचाच शाळेतला ॲटलास काढला, आशियाच्या पानावर दुबई-मुंबईएवढा दोरा तोडला आणि युरोपच्या पानावर लावून पाहिला, तर तिथे असे चांगले अडीच दोरे बसले! म्हणजे साडेसात तास. बाई गं! मी देव पाण्यात ठेवले आणि फोन येईपर्यंत घास घ्यायचा नाही असं ठरवून बसले. तर तीन तासांतच फोन वाजला. "आई, आय रीच्ड!" मी दरडावून विचारलं, "खरं सांग, विमान मध्येच कुठे उतरवलं?" दोऱ्याची हकिगत ऐकून पोरगी खदखदून हसली. "अगं आई, त्या पानावर मॅपच मोठा काढलाय! इट्स जस्ट दुबई टू मुंबई!" एवढंच? मी देव बाहेर काढून पुसले आणि आधी वरणभात वाढून घेतला. आता मोबाइलवर अंतर, वेळ सगळं दिसतं, पण लेक कुठे निघाली की मी अजून विचारते, "किती मुंबई लांब गं?" आणि तीही हिशोबाने सांगते, "दीड मुंबई, आई. तू जेवून घे."